चाळीस मिनिटं तोंड बंद : नागपुरात इंडी अल्बमची पहिली बैठक कशी बसवावी

आमच्या पहिल्या बैठकीचा विचका बाहेरच्या कोणी केला नाही, मीच केला. प्रतापनगरातली वरच्या मजल्यावरची खोली, सहा माणसं, समोर दोन स्पीकर. माझा मावसभाऊ असलं काही पहिल्यांदाच ऐकायला आला होता. मी त्याच्या शेजारी बसलो आणि दर अर्ध्या मिनिटाला त्याच्या मांडीवर थाप मारून सांगत राहिलो, "आता ऐक हं, आता ते वाद्य येते... आता ड्रम बघ कसा घुसते." अल्बम संपल्यावर विचारलं, कसा वाटला? तो म्हणाला, "तूच बोलून राहिला होता ना बे, मी काय ऐकणार?"

पुढच्या बैठका बऱ्या झाल्या. एखादा जुना, नावाजलेला इंडी रॉक अल्बम चार लोकांना जमवून सलग ऐकायचा आहे, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. गिटार वाजवता यायला हवी असं नाही, इंग्रजी फाडफाड यायला हवं असंही नाही. एक खोली, बऱ्यापैकी स्पीकर आणि चाळीस मिनिटं गप्प बसायची तयारी एवढं पुरतं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड, आणि ते नव्यांपेक्षा जुन्यांना जास्त अवघड जातं.

इंडी म्हणजे काय, हे पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी विचारतंच. ‘इंडिपेंडंट’चं हे आखूड रूप. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या बाहेर, छोट्या कंपन्यांनी, बऱ्याचदा गाणाऱ्यांनीच पदरमोड करून काढलेलं संगीत. आपल्याकडे साठच्या दशकात सायक्लोस्टाइल केलेली लघुअनियतकालिकं निघाली, साधारण तोच मामला. पुढे हा शब्द धंद्याच्या पद्धतीपेक्षा एका बाजाचंच नाव होऊन बसला. एवढं सांगा आणि थांबा. इतिहास नंतर.

१. अल्बम निवडा, आणि लांबी बघून निवडा

पहिल्या बैठकीला चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. सुदैवाने या बाजाचे बरेच जुने अल्बम तेवढ्यातच बसतात. पिक्सीजचा ‘डूलिटल’ (१९८९) पंधरा गाण्यांचा आहे, तरी चाळीसच्या आत संपतो. गायडेड बाय व्हॉइसेसच्या ‘बी थाउजंड’मध्ये (१९९४) तर वीस गाणी आहेत आणि तोही तेवढ्यातच आटोपतो, ओहायोतल्या डेटन गावच्या एका शाळामास्तराचा हा बँड, आणि रेकॉर्डिंग इतकं घरगुती की आपल्या जुन्या टेपरेकॉर्डरची आठवण यावी. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा ‘लव्हलेस’ (१९९१) मला जिवापाड आवडतो, पण पहिल्या बैठकीला लावू नका. तो मोठ्या आवाजात आणि चांगल्या स्पीकरवरच उलगडतो. फ्लॅटमध्ये दबक्या आवाजात लावला तर शेजारी मिक्सर चालू आहे असं वाटतं.

आम्ही दर वेळी नव्या मंडळींसाठी न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ लावतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या मर्ज रेकॉर्ड्सने काढलेला. ही कंपनीही १९८९ मध्ये एका बँडमधल्या दोघांनी सुरू केलेली. अकरा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं. पुढचं सगळं याच अल्बमच्या अनुभवावरून सांगतोय. तुम्ही दुसरा निवडलात तरी पायऱ्या याच.

२. माणसं

पाच ते सात. त्यात जुने चाहते दोनच, तिसरा नको. तीन चाहते एकत्र आले की कुठली आवृत्ती खरी, कुठल्या गाण्याचं लाइव्ह रेकॉर्डिंग चांगलं, हे सुरू होतं आणि नवा माणूस चहाचा कप हातात धरून भिंतीकडे बघत बसतो.

नव्यांना पुढे बसवा, चाहत्यांना मागे. आवडीचं गाणं लागलं की समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायची खोड प्रत्येकाला असते, आणि आपल्याकडे कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस ऐकायचं सोडून आवडल्याचा चेहरा करतो. मागून फार तर पाठ दिसते.

पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मित्रांना व्हिडिओ कॉलवर घ्यायचा मोह होईल, टाळा. कॉलमधली यंत्रणा बोलणं स्वच्छ ऐकू यावं म्हणून बनवलेली असते, संगीताला ती गोंगाट समजून कापत सुटते. त्यांनी आपापल्या घरी, ठरल्या मिनिटाला आपला अल्बम लावावा. गप्पांना कॉल करा.

३. वेळ, ऋतू आणि कूलर

इथे नागपूरकराचा खरा कस लागतो. डिसेंबर-जानेवारीत काही प्रश्न नाही. खिडक्या बंद, पंखा बंद, अंगावर शाल, सोन्यासारखी बैठक होते. पण एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की खोलीत कूलर लागतो, आणि खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर चालू असताना एकट्या गिटारवर गाणाऱ्या माणसाचं काहीही ऐकू येत नाही. पंख्याची घरघर, पंपाची गुणगुण आणि वाळ्याच्या जाळीवरून ठिबकणारं पाणी. आमच्याकडे एकाला वाटलं होतं की ते पाणी गाण्यातच आहे. त्याला तेच सगळ्यात आवडलं.

यावर दोन तोडगे आहेत. पहिला : दारं-खिडक्या लावून दीड तास आधी एसी पूर्ण थंडीवर सोडायचा आणि ‘प्ले’ दाबताना बंद करायचा. सूर्य मावळल्यावर गारवा साधारण चाळीस मिनिटं टिकतो, म्हणजे अल्बमाएवढा. कूलरवाल्यांना हे जमत नाही, कारण कूलर चालवायला खिडकी उघडी लागते आणि बंद केला की दहा मिनिटांत खोलीत दमट भट्टी होते. त्यांच्यासाठी दुसरा तोडगा : रविवारी सकाळी साडेसहाची बैठक. कचरागाडी आणि भाजीवाले गल्लीत यायच्या आत अल्बम संपतो आणि सगळे मिळून तर्री पोहे खायला जातात. आम्ही उन्हाळ्यात आता हेच करतो. साडेसहाला येणारा माणूस मनापासूनच आलेला असतो, हा आणखी एक फायदा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या दिवशी, बैठक ठेवू नका. गणपतीचे दहा दिवसही नाही. का, ते नागपूरकराला सांगायला नको.

संध्याकाळची असेल तर सहाला बोलवा आणि सातला सुरू करा. सगळे पावणेसातला येतात. मराठी नाटकाचा नियम लावा : तिसरी घंटा झाली की दार बंद. उशिरा आलेल्याने अल्बम संपेपर्यंत बाहेरच्या खोलीत बसायचं. एकदा असं बसवलं की पुढच्या वेळी तो पहिला येतो.

४. खोली आणि स्पीकर

नव्या घरांच्या चकचकीत फरशा दिसायला छान, पण आवाजाच्या शत्रू. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा. टाळीमागे टणत्कार आला तर जमिनीवर सतरंजी, तिच्यावर गाद्या, भिंतीला टेकून लोड आणि उशा. लग्नघरात टाकतो तशी बैठक घातली की निम्मं काम झालं. बाकीचं पडदे करतात.

दोन स्पीकर असतील तर ते एकमेकांपासून जेवढे लांब, साधारण तेवढ्याच अंतरावर ऐकणाऱ्यांनी बसायचं. माणसं खाली बसणार असतील तर स्पीकरही खाली आणा, स्टुलावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर, कानाच्या उंचीला. कपाटावर ठेवलेला स्पीकर छताला गाणं ऐकवतो. एकच ब्लूटूथ स्पीकर असेल तरी हरकत नाही, फक्त तो कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि सगळं घुमायला लागतं.

आवाज किती? अल्बममधलं सगळ्यात गडगडाटी गाणं आधी एकट्याने लावून बघा. आमच्या अल्बममध्ये ते सहावं. त्यावर आवाज ठरवा, मग सातवं लावून बघा, ते हळू आहे. तेही नीट ऐकू आलं की बटणाला हात लावायचा नाही. रहिवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि कायद्यातली रात्र दहा वाजता सुरू होते. तेव्हा नऊच्या आत आटोपा. खालच्या मजल्यावर आधी सांगून या. आमच्या खालच्या काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "किती वेळ?" चाळीस मिनिटं म्हटल्यावर म्हणाल्या, "मग माझी सिरियल व्हायच्या आधी करा."

५. फोनमधली भुतं

सगळ्यात जास्त बैठका इथे फसतात.

अल्बम आधी डाउनलोड करून ठेवा. नंतर फोन विमान मोडवर टाका (या अल्बमच्या नावाला हे शोभतंही). नाहीतर ऐन रंगात कोणाच्या तरी आईचा फोन येतो आणि दोन्ही स्पीकरमधून रिंगटोन घुमते. लाइट गेली की वायफाय जातं, तेव्हाही डाउनलोड केलेलंच वाचवतं.

शफल बंद. फुकटचं अ‍ॅप असेल तर मध्ये जाहिराती येतात. तशा परिस्थितीत कोणाकडून तरी सीडी मिळवा. सेटिंगमध्ये ‘क्रॉसफेड’ नावाची एक सोय असते, ती एका गाण्याची शेपटी दुसऱ्या गाण्याच्या तोंडात घालते. ती बंद करा. ‘गॅपलेस’ मात्र चालू हवं, कारण या अल्बममध्ये पहिलं गाणं दुसऱ्यात आणि चौथं पाचव्यात सरळ वाहत जातं. मध्ये अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी दचकायला होतं.

आणि ‘ऑटोप्ले’. हे विसरलात तर अल्बम संपल्याच्या दुसऱ्याच क्षणी अ‍ॅप आपल्या मनाने भलतंच गाणं लावतं. का विसरू नये ते शेवटी कळेल.

६. सुरू करण्याआधी काय सांगायचं

तीन वाक्यं. अल्बमचं नाव आणि साल. किती वेळ चालेल. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही, आवडलं नाही तरी चालेल.

शब्दांचे प्रिंटआउट वाटू नका. आम्ही एकदा वाटले, तर सगळे परीक्षेला बसल्यासारखे ओळींवर बोट फिरवत बसले आणि पान उलटायचा आवाज सगळीकडून एकदम आला. पहिल्या खेपेला शब्द निम्मे कळले तरी पुष्कळ झाले. शास्त्रीय बैठकीत बंदिशीचे सगळे बोल कुठे कळतात आपल्याला? फरक एवढाच की तिथे मध्येच ‘वा’ म्हणायची मुभा असते. इथे समोर कलाकार नाही, त्यामुळे आपली दाद शेजाऱ्याच्या कानात जाते.

चिवडा, वेफर्स, कुरकुरीत काहीही अल्बम संपेपर्यंत स्वयंपाकघरात. पाण्याचा तांब्या चालेल.

घरात लहान मुलं असतील तर शब्द तुम्ही आधी एकदा वाचून घ्या. या अल्बममध्ये काही ओळी मोठ्यांच्याच आहेत.

७. प्ले

आता नवा माणूस काय ऐकतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठे जीभ आवरायची ते कळेल.

पहिलं गाणं दोन मिनिटांचं, साधी गिटार, गोड चाल. सगळे सैलावतात. दुसऱ्यात गायक येशूचं नाव घेऊन एकेक अक्षर ताणत जातो. नव्यांपैकी कोणीतरी हळूच मागे वळून बघतं : भजन आहे का? बघू द्या. गाणं अर्ध्यातून जे धावत सुटतं, ते थांबतच नाही, आणि इथेच कोणीतरी कुजबुजतं, "स्पीकर फाटला का बे?" फाटलेला नाही. निर्माता रॉबर्ट श्नायडरने १९९७ मध्ये डेन्व्हरला हे रेकॉर्ड करताना आवाज यंत्राच्या सोसण्यापलीकडे मुद्दाम ढकलला, त्यामुळे साध्या लाकडी गिटारलाही करकर आली. पण हे आत्ता सांगायचं नाही. ओठ मिटून ठेवा. स्पीकर फाटला असेल या भीतीने माणूस पुढची दोन मिनिटं फार लक्ष देऊन ऐकतो.

तिसऱ्या गाण्यात ते वाद्य येतं, ज्यासाठी मी मावसभावाची मांडी बडवली होती. बाई गातेय की वारा, की जुन्या रेडिओवर स्टेशन शोधताना येणारी शीळ, काही कळत नाही. ती करवत आहे. सुताराची असते तशी, फक्त दात वापरायचे नाहीत. मूठ गुडघ्यांत धरायची, टोक हाताने वाकवायचं आणि बिनदाताच्या कडेवरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पातं जसं वाकेल तसा सूर चढतो-उतरतो. बँडमधला ज्युलियन कोस्टर ती वाजवतो.

चौथ्यात नुसता आवाज आणि गिटार. जेफ मँगम, म्हणजे गाणारा आणि ही बहुतेक गाणी लिहिणारा, गळ्याच्या शिरा ताणून गातो. हा गायला बसलाय की भांडायला, असा प्रश्न पडतो. तो पडतो न पडतो तोच पाचवं सुरू होतं आणि खोलीत चक्क बँडबाजा शिरतो. ट्रम्पेट, ढोल, सगळं. आमच्याकडे एकीने नंतर विचारलं होतं, "ती वरात होती का अंत्ययात्रा?" इतका नेमका प्रश्न मला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. मागे बसून गप्प राहिलो म्हणून तो ऐकायला मिळाला.

आठव्या गाण्याला सव्वाआठ मिनिटं लागतात आणि लोकांची चुळबुळ इथे होते. कोणी पाय बदलतं, कोणी घड्याळ बघतं. होऊ द्या. हे गाणं मँगमने एका दमात, न थांबता रेकॉर्ड केलं, आणि ते संपताना मागून कोणीतरी थक्क होऊन ओरडल्याचं बारीक ऐकू येतं. बँडमधलाच स्कॉट स्पिलेन होता तो. अल्बममध्ये एका चाहत्याचं तोंड सुटलेलं चालतं, तर आपलं का नाही, असं आमच्यातला एक जण दर वेळी म्हणतो. त्याला आम्ही दाराजवळ बसवतो.

दहाव्याला नावच नाही, शब्दही नाहीत. आयर्लंडचं इलन पाइप्स हे मशकीचं वाद्य त्यात कल्लोळ करतं. मग अकरावं, शेवटचं, पुन्हा करवतीपासून सुरू होणारं. ते संपतं तेव्हा गिटार खाली ठेवल्याचा ठक्क आवाज येतो, आणि माणूस उठून चालत गेल्याचा. बस. ऑटोप्ले बंद ठेवायला सांगितलं ते या दोन आवाजांसाठी. त्यांच्यानंतर आमच्या खोलीत कधी दहा सेकंद, कधी अर्धा मिनिट कोणी हलत नाही. दिवा लगेच लावू नका.

मध्येच लाइट गेली तर? पहिल्या तीन गाण्यांत गेली तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर गेली तर जे गाणं तुटलं त्याच्या सुरुवातीपासून. यावर वाद घालायचा नाही, आम्ही घालून झालाय.

८. नंतरच्या गप्पा

"आवडलं का?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर घरमालकाच्या तोंडावर ‘हो’च असतं. "लक्ष कुठे सुटलं?" असं विचारा. माणूस खरं बोलतो. "कुठलं वाद्य ओळखू आलं नाही?" हाही चांगला प्रश्न. आमच्याकडे करवतीला आजवर बासरी, बाई, कुत्रा आणि एकदा "आमच्या फ्रीजचा कंप्रेसर" अशी उत्तरं मिळाली आहेत.

आधी नव्यांनी बोलायचं, चाहते शेवटी. चाहत्याने पहिल्यांदा ‘मास्टरपीस’ म्हटलं की नव्याचं "मला बोअर झालं" घशातच राहतं.

सगळे बोलून झाले की मग गोष्ट सांगा. मँगम आणि त्याचे मित्र लुईझियाना राज्यातल्या रस्टन या लहान गावचे, शाळेपासून एकमेकांना कॅसेटी भरून देणारे. त्यातूनच एलिफंट सिक्स ही गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची मंडळी उभी राहिली. मँगमने अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचली आणि ती त्याच्या मनातून जाईना. नाझींपासून लपून अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका इमारतीच्या मागच्या भागात दोन वर्षं काढलेली, १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत वयाच्या पंधराव्या वर्षी गेलेली मुलगी. सहाव्या गाण्याच्या नावात ते साल आहे. ही डायरी मराठीतही आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या वयात वाचलेली असते, त्यामुळे इथे खोली पुन्हा शांत होते. मात्र प्रत्येक ओळ अ‍ॅनबद्दलच आहे असं ओढूनताणून सिद्ध करणारे चाहते असतात, त्यांना आवरा. गाण्यांत दोन डोक्यांचा मुलगा आहे, भुतं आहेत, स्वप्नं आहेत. सगळ्यांना एकाच खुंटीला टांगायची गरज नाही.

अल्बम निघाल्यावर त्याच वर्षीच्या दौऱ्यानंतर मँगम जवळजवळ गायबच झाला. बँड पुन्हा एकत्र मंचावर आला तो २०१३ मध्ये. दरम्यानच्या काळात हा अल्बम एकाकडून दुसऱ्याकडे, कानोकानी पसरत राहिला. गिटार खाली ठेवून निघून जाण्याचा तो शेवटचा आवाज हे कळल्यावर वेगळाच वाटतो. म्हणून गोष्ट आधी सांगायची नसते. ती कळल्यावर काही जण तो शेवटचा मिनिट पुन्हा लावायला सांगतात. लावा.

९. पुढची तारीख

पोहे संपायच्या आत ठरवा, नंतर ग्रुपवर ठरत नाही.

पुढचा अल्बम नव्यांपैकी कोणीतरी निवडायचा, आणि त्या दिवशी जुन्यांनी मागे बसून तोच नियम पाळायचा. परवाच्या रविवारची निवड मावसभावाची आहे. एक तास सहा मिनिटांचा अल्बम. मी दोनदा ऐकलाय, मला अजिबात झेपला नाही. सतरंजी झटकून ठेवली आहे. त्याने फोन करून सांगितलंय, "तू दाराजवळ बस."